परत न येण्यास माझी हरकत

अमेरिकेत आल्यापासून मला इथले बरेच नियम समजले. रस्ता ओलांडायचा तर खांबावरचं बटण दाबायचं. कपडे बाल्कनीत वाळत घालायचे नाहीत. फोडणी देण्याआधी खिडकी उघडायची, नाहीतर छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंब मारतं आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येते. हे सगळे नियम मी पाळते. पण मनापासून आवडलेला नियम एकच होता, आणि माझ्या मुलीला नेमका तोच नको होता.

माझी मुलगी इथे एक्सचेंजच्या व्हिजावर पीएच.डी. करायला आली. शिष्यवृत्ती आपल्या सरकारची, प्रयोगशाळा इथल्या विद्यापीठाची. असं आलेल्या माणसाने शिक्षण संपलं की आपल्या देशात जायचं आणि दोन वर्षं तिथे राहायचं. जे शिकलो ते आपल्या लोकांच्या उपयोगी पाडायचं. ती दोन वर्षं भरल्याशिवाय इथल्या नोकरीचा व्हिजा मागायचा नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हा नियम मला एकदा ऐकून समजला. हा नियम करणाऱ्याच्या घरी नक्की आई असणार, असं मला वाटलं.

एक्सचेंज या शब्दाने मात्र आमची पंचाईत केली होती. आमच्या वस्तीत एक्सचेंज म्हणजे जुना कुकर द्या आणि नवा घेऊन जा. मुलगी निघाली तेव्हा तिच्या बाबांनी बुद्धविहारात सगळ्यांना सांगितलं, "आपली एक जाते, त्यांची एक येते." त्यानंतर दोन-तीन महिने बायका मला विचारायच्या, "तुमची गोरी कधी येते?" एकीने तिच्यासाठी कमी तिखटाचं लोणचं घालून आणून दिलं. कोणी येणार नाही हे सांगायला मला जमेना. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी "बघू" म्हणत राहिले. लोणचं शेवटी आम्ही दोघांनी खाल्लं, तेही दार लावून, चोरून खाल्ल्यासारखं.

न बोलण्याच्या या सवयीमुळे घरात एक वाक्य पक्कं झालं आहे. घर बदलायचं असो, पंखा कुठे लावायचा असो, मुलीच्या बाबांना विचारलं की ते सांगतात, "तिची काही हरकत नसते." एकदाच माझी हरकत होती. मुलीचं परदेशाचं पत्र आलं त्या दिवशी मी कांदे चिरत रडत बसले होते, म्हणजे नक्की कशाने रडते ते कोणाला कळू नये. मुलीला कळलं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "अगं आई, मला तिथे ठेवूनच घेणार नाहीत. नियम आहे तसा. शिकून झालं की दोन वर्षं घरी." मी डोळे पुसले आणि कांदे फोडणीला टाकले.

पाच वर्षं मी त्या नियमाच्या भरवशावर काढली. यंदा फेब्रुवारीत मुलीने मला इथे बोलावून घेतलं, कारण मे महिन्यात तिचं संपणार होतं. तिचे बाबा आले नाहीत. ते म्हणाले, घराला चार महिने कुलूप बरं दिसत नाही. खरं म्हणजे त्यांना विमानाची भीती वाटते. मी आले, बर्फ बघितला, आणि मनात बेत केला की मे महिन्यात मायलेकी बरोबरच परत जायचं. तिच्या खोलीला कोणता रंग द्यायचा तेही मी ठरवलं होतं.

मुलगी एका पुण्याच्या मुलीबरोबर राहते. ती मुलगी इथे कॉम्प्युटरचं शिकते, स्वभावाने गोड आहे आणि पोटात काही ठेवत नाही. एका संध्याकाळी मी तिला पोळी वाढत होते, तर ती म्हणाली, "काकू, एक्सायटेड ना तुम्ही? प्रोफेसरची आई! फक्त वेव्हर आला की झालं."

"वेव्हर म्हणजे?"

"म्हणजे टू इयर रूल आहे ना, तो माफ करून घ्यायचा. नाहीतर बिचारीला दोन वर्षं घरी जाऊन राहावं लागेल."

ते घर माझं होतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

मुलगी अंघोळीहून आली तोवर तिच्या मैत्रिणीने जीभ चावली होती. "मी सांगणारच होते, आई," मुलगी म्हणाली. इथल्याच दुसऱ्या एका राज्यातल्या कॉलेजाने तिला शिकवण्याची नोकरी देऊ केली होती. नियम माफ झाला तरच त्यांना तिच्या व्हिजाचा अर्ज करता येणार होता, आणि माफीचं काम मार्गी लागल्याचं महिनाअखेरपर्यंत कळलं तरच ते थांबणार होते. मी "छान" म्हटलं. माझी काही हरकत नसते.

माफी कशी मिळते तेही मला हळूहळू समजलं. ही मुलगी परत आली नाही तरी आमची हरकत नाही, असं आपल्या सरकारने अमेरिकेला लिहून द्यावं लागतं. दिल्लीने लिहायचं तर आधी राज्याच्या कार्यालयाने लिहावं लागतं. त्या कार्यालयात मुलीचे बाबा रोज जेवणाचा डबा घेऊन जात होते. इथल्या सकाळी त्यांचा फोन यायचा. एक दिवस साहेब दौऱ्यावर होते. एक दिवस साहेब होते, पण कपाटाची चावी असलेल्या बाई रजेवर होत्या. मुलगी कपाळाला हात लावायची. मी "अरेरे" म्हणायचे, आणि का कोण जाणे, त्या दिवशी पोळ्या चांगल्या फुगायच्या.

मग तिथल्या बाबूच्या लक्षात आलं की शिष्यवृत्तीच्या फायलीवर पालक म्हणून आम्हा दोघांच्या सह्या आहेत. म्हणजे ना हरकतही दोघांची हवी. असा छापील नमुना त्याच्याकडे नव्हता. त्याने शेजारच्या टेबलावरून शाळेच्या सहलीच्या संमतिपत्राचा नमुना आणला आणि त्यातच दुरुस्ती करून दिली. तिच्या बाबांनी स्वतःचा भरला आणि माझा फोनवर पाठवला. पुण्याच्या मुलीने तो विद्यापीठातून छापून आणला.

त्या कागदावर लिहिलं होतं, "माझ्या पाल्याने शैक्षणिक सहलीस जाण्यास माझी हरकत आहे / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)" यातलं "शैक्षणिक सहलीस जाण्यास" एवढं खोडून वर बॉलपेनाने "अमेरिकेहून परत न येण्यास" असं घातलं होतं. खाली "पाल्यासोबत डबा व पाण्याची बाटली देण्यात येईल" हे तसंच होतं. ते खोडायची बाबूला गरज वाटली नसावी.

मुलगी प्रयोगशाळेत गेली होती. पुण्याची मुलगी बूट घालून दारात उभी होती. "काकू, फक्त ते एक खोडायचं आणि सही. माझी बस येतेय. मला छापील मराठी वाचायला ना, वेळ लागतो, सो तुम्हीच बघा."

मी बघितलं. परत न येण्यास माझी हरकत नाही. यात एक "न" आहे, एक "हरकत" आहे आणि एक "नाही" आहे. कोणीही गोंधळेल असं ते वाक्य आहे, आणि नंतर मी सगळ्यांना तेच सांगितलं. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून इथे खरं लिहिते. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला कळलं. मग शेवयांच्या पुड्याची कड पट्टीसारखी लावली आणि "नाही" या शब्दावरून सरळ रेघ मारली. खाली सही केली.

"काकू, डन?"

"डन," मी म्हटलं. तिने फोनने कागदाचा फोटो काढला, पाठवला आणि बसमागे पळाली.

दोन दिवसांनी सकाळी मुलीच्या बाबांचा फोन आला. मुलगी दात घासत होती, तिने फोन मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवला.

"काहून वं, काय करून ठेवलं तू?"

"काय झालं?"

"बाबू मले म्हणते, तुमच्या मिसेसची हरकत आहे. मी म्हटलं, माझ्या बायकोची? तिची तीस वर्षांत कशालेच हरकत नाही. दुसऱ्या कोणाचा कागद असन, म्हटलं, नीट पाहा."

"मग?"

"मग त्यानं सही दाखवली. आता तो म्हणते, माझ्या नोकरीत हरकत कोणीच घेतली नव्हती, हरकतीचं पुढं काय करायचं ते मलेच माहीत नाही. सायबापुढं जावं लागन."

मुलगी तोंडात फेस घेऊन उभी राहिली. चूळ भरून आली आणि म्हणाली, "आई, तू चुकून भलतंच खोडलंस. हो ना?"

"वाक्यच कसलं आहे यार," पुण्याची मुलगी म्हणाली. "ट्रिपल निगेटिव्ह. माझं पण चुकलं असतं."

"वाक्य अवघड होतं," मी म्हटलं.

सगळ्यांना बरं वाटलं. तिच्या बाबांनी साहेबांना गाठून असं ठरवलं की मी व्हिडिओ कॉलवर साहेबांना चूक झाली एवढं सांगायचं, आणि नवा कागद भरून पाठवायचा. महिना संपायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत राज्याचं पत्र दिल्लीला गेलं नाही, तर कॉलेज दुसऱ्या कोणाला घेणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कॉल होता. तिकडे ऑफिस सुटायची वेळ. मी ठेवणीतली साडी नेसले आणि थंडी होती म्हणून आत मुलीची लोकरी पँट घातली. पुण्याच्या मुलीने फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला. मुलगी समोर, पण फोनमध्ये दिसणार नाही अशी बसली. मी रात्रभर "हो साहेब, चुकून खोडलं" एवढंच घोकलं होतं.

साहेब पडद्यावर आले. भला माणूस दिसत होता. त्यांच्यामागे बाबू, आणि बाबूमागे मुलीचे बाबा मान लांब करून उभे.

"नमस्कार ताई. आवाज येतोय? बरं. या कागदावर आपण 'नाही' खोडलं आहे. ते चुकून खोडलं का?"

मुलीने मान हलवून मला "हो" म्हणायला सांगितलं. माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब."

"नाही म्हणजे चुकून नाही, की हरकत नाही?"

"चुकून नाही."

"म्हणजे हरकत आहे?"

"आहे."

मागून मुलीच्या बाबांचा आवाज आला, "अरे बाप्पा!"

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, कारण नोंदवावं लागेल. काय कारण लिहू?"

जीभ टाळूला चिकटायची मी वाट बघत होते. ती चिकटली नाही. कदाचित समोरचा माणूस बरणीएवढा होता म्हणून असेल. मी म्हटलं, "साहेब, मुलगी निघाली तेव्हाच माझी हरकत होती. पण ती म्हणाली, नियम आहे, दोन वर्षं परत यावंच लागतं. म्हणून मी हरकत मागे घेतली. आता तुम्ही नियम मागे घेता. तर मग माझी हरकत मला परत द्या."

साहेबांनी विचारलं, "ताई, आपलं शिक्षण?"

"चौथी पास."

"मला वाटलं वकिली. मुद्दा बरोबर आहे. पण ताई, नियम अमेरिकेचा आहे. तो माफ करायचा की नाही ते अमेरिका ठरवते. आम्ही फक्त आमची हरकत नाही, एवढं कळवतो."

"तुमची का नाही?"

"काय?"

"शिकवायला पैसे सरकारने दिले. मुलगी हुशार निघाली. ती तिकडेच ठेवून घेतात, तरी तुमची हरकत का नाही?"

साहेब खोकले. "ते धोरण असतं, ताई. ज्ञानाची देवाणघेवाण असते, त्यात..."

"सायबांची दोन्ही मुलं तिकडेच आहेत, ताई," बाबू मागून म्हणाला.

"तुम्ही फायली आवरा," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग मला म्हणाले, "घरात बोलून घ्या. शुक्रवारपर्यंत दुसरा कागद आला तर मी पत्र पाठवतो. नाही आला तर आपली हरकत जोडून फाइल परत करावी लागेल. आणि ताई, रागावू नका, पण माझ्या बायकोला तुमचा नंबर मी देणार नाही."

फोन बंद झाला. पुण्याची मुलगी "मला लायब्ररीत जायचंय" म्हणून सकाळी पावणेआठला लायब्ररीत निघून गेली, पायात दोन वेगवेगळे मोजे घालून.

मुलीने फोन बरणीपासून काढून पालथा ठेवला. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू कधी काही बोलतेस का, आई?"

"कागदावर विचारलं होतं. लिहून दिलं."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. उठून चहा ठेवला. मला वाटलं आता ही रडेल, तर मला राग आला आणि मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. आमच्या वस्तीत प्रत्येकाच्या भिंतीवर असतो तोच निळ्या कोटातला फोटो तिने इथेही सूटकेसमध्ये घालून आणला आहे. मी म्हटलं, "तेसुद्धा इथेच शिकले होते. इथून तासाभराच्या गाडीवर. शिकून परत आले की नाही?"

"आई, त्यांच्याशी माझी बरोबरी नको."

"बरोबरी मी नाही केली. फोटो तू आणलास."

"आणि परत गेल्यावर त्यांना राहायला खोली मिळत नव्हती, ते?"

तेवढ्यात चहा उतू गेला. ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "मी तिकडे तीन ठिकाणी अर्ज केले होते. मागच्या वर्षी."

"कुठे तिकडे?"

"घरी. आपल्याकडे. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं की जागा रिकामी आहे, पण भरायची परवानगी नाही." ती मातीतल्या जंतूंचा अभ्यास करते. मला नेहमी वाटायचं, माती आपल्याकडे काय कमी आहे, त्यासाठी इतक्या लांब कशाला. ती सांगायला लागली की माती आहे, पण ते जंतू बघायचं यंत्र तिला तिकडे कोणी हात लावू देणार नाही. दोन वर्षं ती घरी बसली तर तिचं काम दुसरं कोणी करून टाकेल. "मला यायचं नव्हतं असं नाही, आई. मी आले असते. मला कोणी बोलावलं नाही."

"हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली, आणि या वेळी आम्ही दोघीही हसलो. ती हसता हसता रडली, मी रडता रडता हसले.

पण हसलं म्हणून माझी हरकत गेली असं नव्हतं. मी आयुष्यभर बाजारात भाव करत आले आहे. बाजारात मी बोलते, तिथे लाजत नाही. तोच आवाज काढून मी म्हटलं, "नियम दोन वर्षांचा आहे. मी काही सूट देते. एक वर्ष."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "आई, कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं."

"सहा महिने."

"ऑगस्ट, आई! पंधरा दिवस येते."

"पंधरा दिवसांत तुझ्या बाबांचं तुला बघूनसुद्धा होत नाही. चार महिने."

"माझं इथलं मे अखेरीला संपतं. तू मोज ना."

"मग जून, जुलै सगळा, ऑगस्टचा पहिला आठवडा. नव्या व्हिजाचा शिक्का तर तिकडे येऊनच घ्यायचा आहे, तूच म्हणालीस."

"पंधरा दिवसांत शिक्का मिळतो. आणि हल्ली नियम रोज बदलतात. जास्त दिवस बाहेर राहिले आणि मला परत आत घेतलं नाही तर?"

"तर घरी राहा. घरच आहे ते, रस्ता नाही."

तिच्या मनात खरी भीती होती, ते मला दिसत होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या दोघी मुली फोनवर व्हिजाच्या बातम्या बघतात आणि तोंडं उतरवतात, ते मी महिनाभर बघत होते. मी थोडी खाली आले. "जून आणि जुलै. पूर्ण. आणि दरवर्षी उन्हाळ्यात निदान एक महिना."

"दरवर्षीचं मी आज कसं सांगू? तिकीट, व्हिजा..."

"जमेल तसं. पण जमलं नाही तर ते मला सांगायचं. आधी मला. तुझ्या मैत्रिणीकडून नाही, पोळी वाढताना नाही."

"कबूल," ती म्हणाली. मग तिने बाजारातल्यासारखंच विचारलं, "झाला सौदा?"

"झाला."

संध्याकाळी पुण्याच्या मुलीने नवा कागद छापून आणला. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी परत शेवयांच्या पुड्याची कड लावली आणि "आहे" या शब्दावर रेघ मारली. सही केली. फोटो गेला. तिकडे पहाट होती, म्हणून मला वाटलं आता उद्याच काय ते कळेल.

सकाळी तिच्या बाबांचा फोन आला. ते थेट ऑफिसातून बोलत होते. "ऐकतं का वं? सायेब म्हणते, रेघ इतकी बारीक आहे की 'आहे' तसंच वाचता येते. 'नाही' पण वाचता येते. दोन्ही चालू आहेत. जाड मार अन् पुन्हा पाठव. ऑफिस सुटाले अर्धा तास आहे."

मी पेन घेतलं. "आहे" वर दुसरी रेघ मारली. मग तिसरी. मग पेन थांबेचना, मी तशीच मारत राहिले, पुढे मागे, पुढे मागे. शेवटी मुलीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पुरे, आई. कागद फाटेल."